शॉकअप कडक केला म्हणजे गाडी सुधरली असं नसते

मृग लागला, पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात दर दुसऱ्या मोटरसायकलवर खताची नाहीतर बियाण्याची बॅग दिसते. डीएपीची बॅग ५० किलोची, युरियाची ४५ ची, वरून चालवणारा अन् कधी कधी ती बॅग धरून बसलेला आणखी एक जण, मंग गाडी मागून पार बसून जाते, खड्ड्यात टायर मडगार्डला घासल्याचा आवाज येतो अन् माणूस जातो मिस्त्र्याकडे, "भाऊ, शॉकअप कडक करून दे नं." मिस्त्री हुक पाना (शॉकअपच्या स्प्रिंगखालची खाचांची रिंग फिरवायचा वाकडा पाना) लावतो, दोन्हीकडचे शॉकअप पाचव्या म्हणजे शेवटच्या नंबरवर नेऊन ठेवतो, दोन मिनिटाचं काम. पेरणी आटपते, डवरणी होते, पोळा होतो, सोयाबीन निघते, दिवाळी होऊन जाते, बॅगा कधीच्याच उतरल्या राहतात अन् शॉकअप मात्र तिथंच, पाचव्या नंबरवर, पुढच्या मृगापर्यंत.

आमच्या बाबांच्या गाडीचं हेच झालं होतं. बाबांचं वजन ५५ किलो, अंगानं बारीक माणूस. नोव्हेंबरात वावरातून घरी येत होते, कॅनॉलच्या वळणावर गिट्टी सांडलेली होती, स्पीड तीसच्या आतच, टायर दिवाळीतच नवीन टाकलेला, तरी मागचं चाक टप्पे खात बाहेर गेलं अन् बाबा पडले, मनगट मोडलं. सगळे म्हणाले गिट्टीमुळं पडले, मले पण तेच वाटलं. पण प्लास्टर निघेपर्यंत ती गाडी मीच चालवत होतो तर लक्षात आलं की गाडी बारीक दगडावर पण मागून उडते, चाक जमिनीवर ठरतच नाही. मंग मी हा विषय धरून बसलो, मिस्त्र्याला विचारलं, गाडीचं पुस्तक वाचलं, टेप घेऊन मोजमाप केलं, अन् जे समजलं ते इथं लिहून ठेवतो, कारण अशा कडक करून ठेवलेल्या गाड्या आमच्या एका गावातच पन्नासेक असतील.

पहिली गोष्ट, शॉकअप कशासाठी असतो. आपल्याला वाटते कंबरेसाठी. कंबर तर आहेच, पण त्याच्या आधी त्याचं काम हे आहे की टायर जमीन सोडणार नाही. बंडी पाहा, बंडीला स्प्रिंग नाही, चाक दगडावर चढलं की सगळी बंडी चढते अन् पलीकडे धाडकन् आदळते, बैलाच्या चालीला ते चालून जाते. तेच चाळीसच्या स्पीडनं केलं तर चाक दगडावरून उडेल अन् जितका वेळ ते हवेत आहे तितका वेळ त्या चाकाला ना ब्रेक आहे ना वळण. टायर जमिनीला टेकलेला असेल तरच ब्रेक लागतो, तरच गाडी वळते. त्यामुळं शॉकअपची सेटिंग हा आरामाचा विषय नंतर, आधी पडण्या-न-पडण्याचा विषय आहे.

आता त्या शॉकअपमध्ये दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत अन् आपण दोघींना एकच नाव देतो, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. बाहेरून दिसते ती स्प्रिंग, तिचं काम वजन उचलून धरायचं. अन् आतल्या नळकांड्यात तेल असते, त्यात बारीक छिद्रं असलेला पिस्टन वरखाली होतो, त्याचं काम स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवायचं. याला डॅम्पिंग म्हणतात. हे समजून घ्यायला आपला फवारणीचा पाठीवरचा हातपंप आठवा. दांडा हळू दाबला तर हलका जातो, जोरात दाबला तर जड लागतो, अन् नोझलचं छिद्र बारीक असलं तर आणखी जड. तेलाचं पण तसंच, पिस्टन जितका जोरात जाईल तितका तेल त्याला जास्त अडवते, अन् पिस्टन एका जागी थांबला की तेलाचा जोर शून्य. म्हणजे उभ्या गाडीचं वजन तेल उचलत नाही, ते एकट्या स्प्रिंगचं काम. अन् उसळणारी गाडी स्प्रिंग थांबवू शकत नाही, ते एकट्या तेलाचं काम. एकाचा बिघाड दुसऱ्याला पिळून दुरुस्त होत नाही, हे एवढं जरी डोक्यात बसलं तरी मिस्त्र्याकडे जाऊन काय सांगायचं ते बदलते.

मंग हुक पान्यानं आपण काय फिरवतो? त्याला प्रिलोड म्हणतात, म्हणजे गाडीवर कोणी बसायच्या आधीच स्प्रिंग थोडी दाबून ठेवायची. अन् इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे की यानं स्प्रिंग कडक होते. नाही होत. स्प्रिंग तीच, तिची तार तेवढीच जाड, वेटोळे तेवढेच. १६७८ मध्ये रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं स्प्रिंगचा नियम मांडला होता, कॉलेजात आपण तो शिकलेलो आहोत, जितकं वजन तितकी स्प्रिंग दबते. समजा आपली स्प्रिंग अशी आहे की एक किलोला एक मिलिमीटर दबते. ५० किलो ठेवले, ५० मिमी दबली. आता प्रिलोड देऊन ती आधीच १० मिमी दाबून ठेवली, म्हणजे ती आधीच १० किलोच्या जोरानं वर ढकलून राहिली. पहिले १० किलो ठेवले तर ती हलणारच नाही, त्याच्यापुढं मात्र परत एका किलोला एकच मिमी. ५० किलो ठेवले तर ४० मिमी दबेल. म्हणजे झालं काय, तर गाडी १० मिमी वर उभी राहिली, बस. स्प्रिंगचा स्वभाव तोच आहे. (काही गाड्यांच्या स्प्रिंगला एका टोकाला वेटोळे जवळ जवळ असतात, त्या जितक्या दबतील तितक्या कडक होत जातात, पण मुद्दा तोच राहतो.)

तर मंग पाचव्या नंबरवर गाडी कडक का लागते, हा बरोबर प्रश्न आहे. कारण हलका माणूस बसला तर स्प्रिंग फारशी दबतच नाही, शॉकअप जवळपास पूर्ण लांब होऊनच उभा राहतो. बारीक दगडाचा धक्का त्या आधीच भरून ठेवलेल्या जोराला मागं सारू शकत नाही, तो सरळ सीटला लागतो. अन् त्याहून वाईट, खड्डा आला तर चाकाला खाली उतरायला पुरेशी जागाच शिल्लक नाही. दगड आला तर चाक वर जायला पाहिजे हे सगळ्यांना समजते, पण खड्डा आला तर चाक खाली जायला पाहिजे हे कोणाच्या लक्षात येत नाही. पांदणीत बंड्यांची जी चाकोरी पडलेली असते, पावसाळ्यात खोल अन् उन्हाळ्यात दगडासारखी टणक, तिच्यावरून आडवं जाताना चाकाला वरखाली दोन्हीकडे जागा लागते. खाली जागा नसली की शॉकअप 'टक्' करून शेवटाला आपटते, चाक हवेत राहते, बाबांची गाडी त्या गिट्टीवर हेच करून राहिली होती.

म्हणून खरी मोजायची गोष्ट म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसते ती. याला सॅग म्हणतात. सरळ हिशोब असा की चाकाचा जेवढा एकूण प्रवास आहे त्याचा पाव ते एक तृतीयांश भाग तुमच्या वजनानंच खाली गेलेला पाहिजे, म्हणजे तेवढी जागा खड्ड्यासाठी अन् उरलेली दगडासाठी. रोजच्या वापराच्या गाड्यांत मागच्या चाकाचा प्रवास साधारण ८० ते ११० मिमी धरा. १०० मिमी असला तर २५ ते ३३ मिमी सॅग यायला पाहिजे.

मोजायला काही मोठं सामान लागत नाही, शिंप्याची टेप अन् एक टिकली. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी पाहिजे. मागच्या चाकाच्या एक्सलच्या नटाच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनलवर टिकली चिकटवा, मी आईचीच घेतली होती. नटापासून टिकलीपर्यंत सरळ उभं मोजा अन् लिहून ठेवा. आता गाडी स्टँडवरून उतरवा, एकानं समोरून हँडल धरायचं, तुम्ही रोज बसता तसं बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, अन् तिसऱ्यानं मोजायचं. एक बारीक गोष्ट आहे, शॉकअपमध्ये थोडी अडकण असते, म्हणून एकदा मागून दाबून हळूच सोडून मोजा, एकदा किंचित उचलून हळूच सोडून मोजा, अन् दोघांच्या मधला आकडा धरा. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की सॅग आला. बाबांचा पाचव्या नंबरवर आला १२ मिमी. दुसऱ्या नंबरवर आणला तर २७. एवढाच फरक, पण त्याच पांदणीत तीच गाडी वेगळी वाटायला लागली, चाक जमीन धरून चालते हे बुडाखाली समजते.

नंबर बदलताना गाडी डबल स्टँडवरच पाहिजे म्हणजे स्प्रिंगवर वजन राहत नाही अन् पाना सहज फिरतो. दोन्हीकडचा नंबर सारखाच ठेवा, एकीकडे दोन अन् एकीकडे चार असं कधीच नको, चिमट्याला (मागचं चाक ज्यात बसते तो दांडा) पीळ बसतो अन् गाडी एका वळणाला एक अन् दुसऱ्या वळणाला दुसरीच वागते. हुक पाना बहुतेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये कंपनीच देते, सीटखाली नाहीतर साईड पॅनलच्या आत पाहा. छन्नी-हातोडीनं ठोकून फिरवणारे मिस्त्री पण पाहिले मी, तसं करू देऊ नका, खाचा खराब होतात मंग पाना पकडतच नाही. अन् सगळ्यात कमी नंबरवर पण तुमचा सॅग येत नसेल तर ती स्प्रिंगच तुमच्यासाठी जड आहे, सगळ्यात जास्त नंबरवर पण गाडी बसतच असेल तर एकतर स्प्रिंग थकली नाहीतर वजन जास्त झालं. वजनाची हद्द गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते, छोट्या गाड्यांना ती साधारण १३० ते १५० किलो असते अन् त्यात चालवणारा पण धरलेला असतो. दोन डीएपीच्या बॅगा अन् ७० किलोचा माणूस म्हणजे १७० झाले, हे कोणत्याही नंबरवर बसत नाही, दोन फेऱ्या करा.

आता यात वळण्याचा काय संबंध, तर तिथंच तर खरी गंमत आहे. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, किती तिरपा उभा आहे यावर गाडी कशी वळते ते ठरते. मागून गाडी बसली की फोर्क आणखी मागं कलतो, पुढचं चाक जणू पुढं पळते, पुढचं वजन पण कमी होते. हँडल हलकं अन् लुळं लागते, वळणावर गाडी मोठा फेर घेते, रस्त्याच्या बाहेर बाहेर जाते. बॅग मागच्या कॅरिअरवर टोकाला बांधली तर हे दुप्पट होते, म्हणून बॅग जितकी पुढं अन् जितकी खाली घेता येईल तितकी घ्या. उलट मागून जास्त उचलली तर फोर्क सरळ उभा होतो, गाडी पटकन वळते पण सरळ रस्त्यावर चंचल होते. अन् रात्री पाहा, मागून बसलेल्या गाडीचा लाईट झाडाच्या शेंड्यावर जातो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो अन् स्वतःला खालचा खड्डा दिसत नाही. वजन घेऊन निघताना नंबर वाढवायचा तो यासाठी, गाडी परत तिच्या उंचीवर आणायसाठी. म्हणजे पेरणीत मिस्त्री जो पाचवा नंबर करून देतो तो चुकीचा नाहीच आहे. चूक ही की तो उतरवायला कोणी सांगत नाही.

सगळ्यात अवघड सेटिंग दूधवाल्याची. सकाळी ४० लिटरचे दोन कॅन भरून जाणार, म्हणजे ८० किलोच्या वर नुसतं दूध, अन् दोन तासानं तेच कॅन रिकामे घेऊन परत येणार. रोज दोनदा पाना लावायला वेळ कुठून आणायचा. आमच्या गावातल्या दूधवाल्या काकांना मी हेच सांगितलं की भरलेल्या वजनावरच सेट करा कारण जास्त धोका तिथं आहे, पण येताना लक्षात ठेवा की आता गाडी उडणारी आहे, वळणावर हळू. त्यांनी रिकाम्या फेरीचा स्पीडच कमी केला. अन् डेअरीवर दूध थोडं उरलं तर ते दोन्ही कॅनमध्ये अर्धं अर्धं ठेवायचं नाही, एकात भरून गच्च झाकण लावायचं, अर्ध्या कॅनमधलं दूध हिंदकळते अन् गाडीला वळणावर ढकलते.

आता तेलाकडे येतो, कारण इथं जीव जातात. आपल्याकडे बाया मागं एका बाजूला पाय सोडून बसतात, हातात पिशवी, कधी मांडीवर लेकरू, अन् स्पीडब्रेकरवर बाई पडली हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, काहींनी पाहिलं आहे. मागं बसणारा माणूस जवळपास चाकाच्या वरच बसलेला असतो, चालवणाऱ्यापेक्षा धक्का त्याला कितीतरी जास्त लागतो. स्पीडब्रेकरवर स्प्रिंग दबते, ते ठीक, पण दबलेली स्प्रिंग लगेच वर फेकते. ही फेक अडवायचं काम तेलाचं, याला रिबाउंड म्हणतात, म्हणून शॉकअप दबतानापेक्षा उघडताना तेलाची अडवणूक जास्त ठेवलेली असते. शॉकअप लिक झाला, तेल गेलं की अडवणारं कोणी राहत नाही अन् सीट मागच्या माणसाला वर फेकते. अन् अशा वेळी मिस्त्र्यानं 'कडक' करून दिलं, म्हणजे प्रिलोड वाढवला, तर फेक तशीच राहते, थांबत नाही. तपासायचं कसं, मागची सीट दोन्ही हातानं जोरात दाबा अन् सोडा. वर येऊन गाडी तिथंच ठरली पाहिजे. वर, खाली, परत वर अशी डोलत राहिली तर तेल गेलं. शॉकअपच्या दांड्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तेच. असे शॉकअप जोडीनंच बदलायचे, एक जुना एक नवीन नको. तेल भरून वेल्डिंग करून देणारे आहेत, स्वस्तात होते, पण मी तरी आई मागं बसते त्या गाडीला ते लावणार नाही.

बाजूला छोटी डबी असलेले गॅसचे शॉकअप येतात, त्याबद्दल एक सांगून देतो. लोकांना वाटते गॅस म्हणजे हवेची गादी. तो नायट्रोजन मुख्यतः तेलावर दाब ठेवायसाठी असतो, कारण खराब रस्त्यावर तेल गरम होऊन त्यात बुडबुडे झाले तर छिद्रातून तेलाऐवजी फेस जातो अन् अडवणूक संपते. परतवाड्यावरून चिखलदऱ्याच्या घाटात जाऊन पुढं सेमाडोहकडे खडबडीत रस्त्यानं गेलात तर साधा शॉकअप शेवटी शेवटी ढिला वाटतो तो यामुळं.

पुढच्या फोर्कला आपल्या साध्या गाड्यांत फिरवायला काहीच नसते. तिथं हातात आहे ते फक्त तेल, अन् नेमकं तेच कोणी बदलत नाही. इंजिन ऑईल आपण इमानदारीनं बदलतो, फोर्क ऑईल सील (फोर्कमधलं तेल अडवणारं रबर) फुटेपर्यंत आठवत नाही. अन् सील फुटलं की काही ठिकाणी फोर्कमध्ये इंजिन ऑईलच टाकून देतात. ते घट्ट असते, फोर्क दबतो पण वर यायला उशीर करतो, लागोपाठ तीन-चार खड्डे आले की फोर्क दर खड्ड्याला आणखी खाली अडकत जातो अन् शेवटच्या खड्ड्यात हातांना दणका बसतो. गाडीच्या पुस्तकात तेलाचा ग्रेड अन् एका पायात किती मिली ते दिलेलं असते, मोजून टाकायला लावा, दोन्ही पायात सारखं. जास्त टाकलं तर भारी होईल असं नाही, तेलाच्या वर जी हवा असते तिला जागा कमी पडते, ती शेवटी दगडासारखी होते अन् सील बाहेर ढकलते. अन् पुढचं चाक बसवताना एक्सलचा नट पूर्ण कसायच्या आधी गाडी खाली घेऊन, पुढचा ब्रेक दाबून, फोर्क चार-पाच वेळा वरखाली करून घ्या अन् मंग कसा, दोन्ही पाय सरळ रेषेत येतात, नाहीतर फोर्क अडकत चालतो. हे मी तीन मिस्त्र्यांना सांगितलं, दोघं आता करतात.

सील फुटायचं कारण बरेचदा आपली काळी माती. ओली असताना फोर्कच्या चकचकीत पाईपवर चिकटते, वाळून सिमेंटसारखी होते अन् फोर्क दबला की तीच सीलला घासते. खराट्यानं नाहीतर दगडानं खरडू नका, पाईपला ओरखडा पडला की नवीन सील पण महिनाभर टिकत नाही. ओलं फडकं पाच मिनिट गुंडाळून ठेवा अन् पुसून घ्या. सायकलच्या ट्यूबचं कव्हर चढवणारे आहेत, पण आत माती गेली की ती आतच राहते, कव्हर लावायचं तर आठवड्यातून एकदा वर सरकवून पुसा.

हे सगळं करायच्या आधी हवा तपासा, हे खरं तर मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. बऱ्याच १०० सीसीच्या गाड्यांना मागं एकट्यासाठी २८ अन् डबलसीटसाठी ४० पीएसआय हवा सांगितलेली आहे, आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात पाहून घ्या. विदर्भाच्या उन्हात टायर तापून दाब वाढलेला दिसतो, म्हणून सकाळी थंड टायरवर पाहायचं. मंग गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवा, कटकट लागली तर चिमट्याचे बुश नाहीतर चाकाचं बेअरिंग. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढं-मागं हलवा, हँडलखाली खटखट आली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, ढिला. हे ढिलं असताना शॉकअपचे नंबर फिरवण्यात काही अर्थ नाही.

गावातली काही पोरं आता हीरोची एक्सपल्स २००, म्हणजे खराब रस्त्यासाठीची उंच गाडी, घेऊन राहिलेत, पुढचा प्रवास १९० मिमी, मागचा १७०, त्यांना सॅग आपल्यापेक्षा जास्त लागेल, हिशोब तोच. ज्यांच्या गाडीला तेलाचे पण स्क्रू आहेत, कॉम्प्रेशनचा (दबतानाचा) अन् रिबाउंडचा (उघडतानाचा), त्यांनी आधी स्क्रू हळूच पूर्ण बंद करून किती क्लिक होतात ते मोजून लिहून ठेवायचं, परत होता तिथं आणायचं, अन् एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक, त्याच रस्त्यावर फिरून पाहायचं. दोन्ही एकदम फिरवले तर कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

बाबांच्या गाडीच्या साईड पॅनलच्या आत मी पेंटनं लिहून ठेवलं आहे, एकटे २, आई मागं असली तर ३, बॅग असली तर ५. मनगट आता बरं आहे. या वर्षी पेरणीची शेवटची बॅग ज्या दिवशी उतरली त्या संध्याकाळी बाबांनी स्वतःच गाडी डबल स्टँडवर लावली अन् मले आवाज दिला, "पाना कुठं आहे रे?"